हॅन्सेल-ग्रेटेल नव्याने येतेय? मग तोवर एवढं करा

आवडत्या लेखकाने हॅन्सेल-ग्रेटेल (जंगलात सोडून दिलेल्या भावा-बहिणीची जुनी जर्मन परीकथा) मोठ्यांसाठी नव्याने लिहिलीय, प्री-ऑर्डर झालीय आणि पुस्तक हातात यायला अजून महिनाभर आहे, तर तोवर रिव्ह्यू वाचत बसू नका प्लीज, मूळ गोष्ट वाचा आणि तीही दोनदा, कारण लोककथा गोळा करून छापणाऱ्या ग्रिम बंधूंनी ती स्वतःच बदलत नेलीय. 1812 च्या पहिल्या आवृत्तीत मुलांना जंगलात सोडून यायचं ठरवते ती सख्खी आई, 1840 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली आणि 1857 च्या शेवटच्या आवृत्तीतही सावत्रच राहिली. अ‍ॅशलिमन नावाच्या प्राध्यापकांनी 1812 आणि 1857 चे पाठ इंग्रजीत शेजारीशेजारी लावून नेटवर फुकट ठेवलेत, ते उघडा, पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे फरक दिसेल तिथे खूण करा. तासाभराचं काम आहे.

जंगलात मुलं चेटकिणीच्या तावडीत सापडतात ते तिचं घर लहानपणापासून पाठ असतं, त्यामुळे तिथे फार रेंगाळू नका. (हॅन्सेलला खाऊपिऊ घालून लठ्ठ करायचं आणि मग खायचं हे वाचताना मला दर वेळी आपली भोपळ्यातली म्हातारी आठवते, ती वाघाला स्वतःच सांगते की लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते मग खा, आणि इथे हॅन्सेल बोटाऐवजी हाड पुढे करून चेटकिणीला फसवतो.)

खरा वेळ द्या तो सुरुवातीला. घरात भाकरी नाही, भुकेने मुलांना झोप नाही आणि पलीकडे आईबापांचं बोलणं ऐकू येतंय. मग जंगल. मुलं शेकोटीपाशी बसून असतात आणि कुऱ्हाडीचे ठक ठक आवाज ऐकून त्यांना वाटतं बाबा इथेच जवळ लाकडं तोडतायत, पण ती कुऱ्हाड नसतेच, बापाने वाळलेल्या झाडाला एक फांदी बांधून ठेवलेली असते आणि वाऱ्याने ती आपटत असते. म्हणजे बायकोपुढे नाइलाज झाला म्हणणाऱ्या या माणसाने फांदी शोधली, दोरी घेतली, गाठ मारली! हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

मग स्वतःचा एक प्रश्न कागदावर लिहून ठेवा. माझा बापाबद्दलच आहे, शेवटी मुलं परत त्याच्याकडेच जातात आणि तो आनंदाने घेतो, हे नवा लेखक कसं पचवणार? तुमचा वेगळा असेल, आई सख्खी ठेवतो की सावत्र, चेटकिणीला भट्टीत ढकलल्यावर ग्रेटेलचं काय होतं, काहीही.

पुस्तक आलं की पहिलं प्रकरण मोठ्याने वाचा, रात्री, कुणीतरी शेजारी असताना. मी आधी फांदी शोधणार आहे.