दारात अनोळखी माणूस आला तर

आमच्या कोकणातल्या दिवेआगरात ज्यांच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, त्यांचं घर अनोळखी माणसांवरच चालतं. मीही त्यातलीच. मार्च 2012 मध्ये एका रात्री गावच्या सुवर्ण गणेश मंदिरावर दरोडा पडला. 1997 साली सुपारीच्या वाडीत सापडलेला सोन्याचा मुखवटा गेला आणि राखणीला असलेले दोघे जण जिवानिशी गेले. त्यानंतर फेरीवाल्याची हाक आली की बायका आतूनच "नको" म्हणू लागल्या. बोलण्याचा हेल जरा वेगळा लागला की कुजबुज सुरू. नोव्हेंबर 2021 मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली, पर्यटक परत आले, पण मनात बसलेली धास्ती अजून निघालेली नाही. ती निघून जावी असं मी म्हणत नाही. ती नेमकी कुठे वापरायची, एवढं शिकून घ्या.

माणूस कसा दिसतो ते सोडा, तो काय करतोय ते पाहा. ब्लँकेट विकणारा एकामागून एक दारं घेत सरळ पुढे जात असेल, तर त्याला त्याचा धंदा करू द्या. पण कुणी बंद घराच्या मागच्या दारी रेंगाळतोय, "मुंबईची मंडळी कधी येणार, आजी रात्री एकट्याच असतात का" असं विचारतोय, किंवा ज्याच्याकडे आलो म्हणतो त्याचं नावच त्याला सांगता येत नाही, तर लक्ष द्या. दागिने चकचकीत करून देतो म्हणणाऱ्याच्या हातात सोनं द्यायचंच नाही, तो कितीही सभ्य वाटो. आणि हीच फूटपट्टी मोठ्या गाडीतून उतरणाऱ्यालाही लावा. आपल्याकडे पायी आलेल्या गरिबाला दहा प्रश्न आणि गाडीवाल्याला थेट ओटीवर खुर्ची, हे मला अजिबात पटत नाही.

शंका आली तर खिडकीआडून बघत बसू नका. दिवसाउजेडी, शेजारणीला हाक मारून, दोघी अंगणात या आणि साध्या आवाजात विचारा, "दादा, कोणाकडे आलात?" उत्तर मिळालं की म्हणा, "चला, घर दाखवते." खरोखर वाट चुकलेला माणूस खूश होतो. ज्याच्या मनात वेगळं असतं, त्याला कुणी सोबत आलेलं नको असतं. आधार कार्ड मागणं, पिशवी उघडायला लावणं हे आपलं काम नव्हे. समाधान झालं नाही तर गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा आणि पोलीस पाटलांना कळवा. रात्रीची वेळ असेल किंवा धोका समोर दिसत असेल तर बाहेर पडूच नका, घरातूनच 112 लावा.

आणि त्याचा फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकू नका. हे मी हात जोडून सांगते. जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. एप्रिल 2020 मध्ये आपल्याच कोकणात, पालघरच्या गडचिंचल्यात, दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच गेले. ते सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. अफवा पुढे ढकलणाऱ्यांना आपण कुणाचा जीव घेतोय असं वाटलं नसेल, पण जीव गेले.

"त्या जातीचेच असणार" हे वाक्य तोंडात येईल तेव्हा जीभ आवरा. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी ओटीवरच्या गप्पांत तो अजून चालतो. गुन्हा माणूस करतो, त्याची सगळी आळी नाही.

खोल्या देणाऱ्यांनी प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र पाहून नोंदवहीत नाव लिहावं, ओळखीच्यांनी पाठवलेला असला तरी. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते.

मुलांना "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" एवढंच शिकवून भागत नाही. मुलांना त्रास देणारा बऱ्याचदा घरच्यांच्या ओळखीचाच असतो. कुणीही, अगदी नात्यातलाही, "घरी सांगू नकोस" म्हणाला तर त्याच दिवशी घरी सांगायचं, हे पक्कं करून घ्या. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर त्यांना पाठ असू द्या.

सगळ्यात जास्त काळजी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची. भीतीपोटी ती दार उघडेनाशी होतात, मग पोस्टमनही परत जातो आणि आशाताईही. अशा आजीकडे पोस्टमन, सिलिंडरवाला, वायरमन यांना एकदा स्वतः घेऊन जा, चेहरा दाखवा, नाव सांगा. दाराला आतून साखळी बसवून द्या, म्हणजे फट ठेवून बोलता येईल. तुमचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवा. आणि रोज दिवेलागणीला एक हाक मारत जा. नवा वायरमन बदलून आला की त्यालाही तसंच घेऊन जायचं.