जुनी वेकबोर्ड बोट वेकसर्फिंगसाठी कशी तयार करायची, तेही खिसा रिकामा न करता

वेकसर्फिंग म्हणजे चालत्या बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेवर दोर सोडून सर्फ करणं. सगळ्यात आधी बोटीच्या मागे जाऊन खाली वाका आणि प्रॉपेलर कुठे आहे ते बघा. मागच्या काठाच्या बाहेर आलेला असेल, म्हणजे आउटबोर्ड किंवा नेहमीची स्टर्नड्राइव्ह असेल, तर वेकसर्फिंगचा विषय इथेच संपला, पुढचं वाचू पण नका. वेकबोर्डवाला दोराला धरून साठ-सत्तर फूट मागे असतो, पण सर्फर बोटीच्या शेपटीपासून आठ-दहा फुटांवर, तो पडला की सरळ पात्यांच्या दिशेने. इनबोर्डचा प्रॉप बोटीच्या पोटाखाली असतो म्हणून चालतं. व्होल्वो पेंटाचा पुढे तोंड असलेला फॉरवर्ड ड्राइव्ह हा एक अपवाद, पण तो २०१५ नंतरचा, जुन्या बोटीत मिळणार नाही.

आमची बोट २००४ ची, २१ फुटी, व्ही-ड्राइव्ह (इंजिन मागच्या बाजूला असलेली इनबोर्ड), तिघा मित्रांनी मिळून घेतलेली, आणि आम्ही असतो अटलांटाच्या वरच्या अंगाला, लेक लॅनियरपासून अर्ध्या तासावर. मालिबू आणि नॉटिक या बोट कंपन्यांनी २०१३ च्या मॉडेलपासून बटण दाबलं की लाट तयार अशा सिस्टीम आणल्या, पण त्या बोटींची किंमत ऐकली की वाटतं यात गावाकडे बंगला होईल. जुन्या बोटीवर पण कमरेएवढी बऱ्यापैकी लाट निघते, फक्त कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे चुकवायचं नाही. आम्ही ते चुकवलं. आधी प्लेट आणली, मग पंप, मग कळलं की वजनच चुकीच्या जागी आहे.

तर पहिल्या दिवशी काहीच विकत घेऊ नका. पाचसहा माणसं बोटीत घ्या आणि त्यांनाच इकडून तिकडे हलवा, माणूस म्हणजे चालतंबोलतं बॅलास्ट (बोट खाली दाबणारं वजन), आणि तक्रार करत का होईना सरकतो तरी. डावा पाय पुढे ठेवून उभे राहणारे, ज्यांना रेग्युलर म्हणतात, ते बोटीच्या डाव्या बाजूच्या लाटेवर सर्फ करतात, म्हणजे छाती लाटेकडे राहते. उजवा पाय पुढे असणारे गूफी, ते उजवीकडे. सगळ्यांना डाव्या बाजूला आणि मागे बसवा, स्पीड ताशी १० मैल धरा आणि मागे बघा. मग उजवीकडे बसवून परत तेच. प्रॉप एकाच दिशेने फिरत असल्यामुळे बहुतेक जुन्या बोटींची एक बाजू जन्मतःच चांगली असते, ती कुठली ते या दिवशी कळतं, फुकटात. फोनवर व्हिडिओ काढा आणि कोण कुठे बसलं होतं ते लिहून ठेवा. घरी आल्यावर कुणालाच काही आठवत नाही आणि नुसते वाद होतात.

आता वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, अमेरिकन हिशोबात एक गॅलन म्हणजे ८.३४ पाउंड. सर्वसाधारण ७५० पाउंडांच्या पिशवीत, जिला सगळे फॅट सॅक म्हणतात, साधारण ९० गॅलन म्हणजे ३४० लिटर पाणी मावतं. २१ फुटी बोटीला मागच्या दोन्ही लॉकरमध्ये एकेक ७५० ची आणि पुढच्या टोकाला ३०० ते ४०० पाउंडांची एक, इथून सुरुवात करा. मागे वजन वाढलं की लाट उंच आणि उभी होते पण आखूड पडते, पुढे वजन टाकलं की ती लांब होते आणि ढकलते चांगली. नवीन माणूस नेहमी सगळं मागेच टाकतो, आम्ही पण टाकलं होतं, लाट दिसायला काय भारी पण सर्फ करायला जागाच नाही, दोन फुटांत संपली.

पिशवी ठेवण्याआधी लॉकरमध्ये हात फिरवून बघा. फायबरग्लासची टोकं, बाहेर आलेले स्क्रू, कसलातरी गंजलेला ब्रॅकेट, सगळं घासून काढा आणि खाली जुनी योगा मॅट किंवा रबराची चटई टाका. व्ही-ड्राइव्हमध्ये तिथूनच एक्झॉस्टचे होज आणि स्टिअरिंगची केबल जाते, भरलेली पिशवी फुगून त्यांच्यावर रेलत नाहीये ना हे पिशवी पूर्ण भरल्यावर बघायचं, रिकामी असताना सगळंच छान दिसतं. आणि पिशवी अर्धी भरून चालवू नका, पाणी हिंदकळतं आणि वळताना बोट भलतीकडेच झुकते.

पाणी भरायला सुरुवातीला बारा व्होल्टचा साधा बुडणारा पंप घ्या, होज लावा, बोटीच्या मागच्या प्लॅटफॉर्मवरून पाण्यात सोडा, झालं. ८०० गॅलन ताशी लिहिलेल्या पंपाला ९० गॅलन भरायला कागदावर सात मिनिटं लागतात, प्रत्यक्षात होजची वळणं आणि चढ धरून नऊदहा. दोन सीझन आम्ही असंच केलं आणि काही बिघडलं नाही. कायमचं प्लंबिंग करायचंच असेल तर हलमध्ये, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचात, भोक पाडावं लागतं, तिथे ब्राँझचं फिटिंग आणि त्याच्यावर लगेच बंद करता येणारा बॉल व्हॉल्व्ह हवाच. एअरेटर पंप स्वतःहून पाणी ओढत नाही, त्यामुळे तो पाण्याच्या रेषेच्या खाली बसवायचा. इंपेलरवाला (आत रबराच्या पात्यांचं चाक असलेला) पंप, जॅब्स्कोचा बॅलास्ट पपी वगैरे, उलटसुलट दोन्हीकडे चालतो म्हणजे भरणं-उपसणं एकाच पंपात, पण पिशवी रिकामी झाल्यावर चालूच ठेवला तर आतलं रबर जळतं. इंजिनच्या आसपास जी काही विजेची वस्तू लावाल ती इग्निशन प्रोटेक्टेड, म्हणजे ठिणगीने वाफ पेटणार नाही अशी, असलीच पाहिजे, तिथे पेट्रोलची वाफ साठते, गाडीच्या दुकानातला स्वस्त रिले तिथे लावायचा नाही म्हणजे नाही. प्रत्येक पंपाला वेगळा फ्यूज लावा. आणि हे वाचून भीती वाटत असेल तर भोक पाडायचं काम मरीनावाल्याकडून करून घ्या, यात कमीपणा कसला.

आता लाटेला आकार द्यायचा. जुनी पद्धत म्हणजे बोट कलवायची: ज्या बाजूला सर्फ करायचं तिकडे सगळं वजन. चालतं, पण दरवाजात लोंबकळणाऱ्या गर्दीने एका अंगाला कललेल्या एसटीसारखी बोट जाते, ड्रायव्हरची मान दुखते आणि दुसऱ्या पायाचा सर्फर आला की सगळं पाणी इकडचं तिकडे. त्यापेक्षा सक्शन कपने चिकटणारी प्लेट घ्या, तिला शेपर किंवा गेट म्हणतात. वजन जागेवर आलं की मग जुन्या बोटीवर पैसे खर्च करायचेच तर पहिले इथे करा. ही प्लेट सर्फच्या उलट बाजूला लागते, डावीकडे सर्फ तर प्लेट उजवीकडे, हे पहिल्यांदा सगळ्यांनाच उलटं वाटतं. बोटीच्या दोन्ही बाजूंनी पाणी मागे येऊन एकत्र मिळतं, प्लेट एका बाजूचं पाणी बाहेर ढकलून ती भेट उशिरा घडवते, त्यामुळे दुसऱ्या बाजूची लाट फेसाळत नाही, स्वच्छ आणि लांब राहते. वजन मात्र आता दोन्हीकडे समान ठेवायचं, बोट सरळ.

प्लेट मागच्या काठापासून तीनचार इंच पुढे, बहुतेक भाग पाण्याखाली जाईल अशी लावा. जागा ओली करून बोटाने चोळून बघा, जरा जरी बुळबुळीत लागली तर आधी पुसा, स्टिकरवर किंवा हलच्या कडेवर कप धरत नाही. आणि दोरी बांधा हो, दोरी! आमची पहिली प्लेट लॅनियरच्या तळाशी आहे, तिथे धरण बांधताना बुडालेली झाडं अजून उभी आहेत म्हणतात, त्यातल्या एखाद्याला लटकली असेल. प्लेट जागेवरून एकेक इंच हलवून बघा, कधी दोन इंचांत लाट बदलते. जुन्या मालिबूला मागे वेज असेल तर तो खाली सोडा, तो पाण्याच्या जोरावर बोटीची शेपटी खाली ओढतो, म्हणजे फुकटचं वजन.

स्पीड ताशी १० ते ११ मैल. कमी केला की लाट उभी आणि आखूड, वाढवला की लांब, स्वच्छ पण बुटकी. जुन्या बोटीचा स्पीडोमीटर इतक्या कमी वेगाला वाट्टेल ते दाखवतो, त्यावर विश्वास ठेवू नका, फोनवर जीपीएस लावा किंवा बजेट असेल तर वेग आपोआप धरून ठेवणारं परफेक्ट पासचं जीपीएसवालं युनिट. अर्ध्या मैलाच्या फरकाने सर्फर लाटेवरून मागे पडतो आणि मग सगळे ड्रायव्हरला शिव्या घालतात. एवढं वजन घेऊन इंजिन धापा टाकतंय, वेग पकडायलाच फार वेळ लागतोय असं वाटलं तर कमी पिचचा प्रॉप लावून बघा. पिच म्हणजे एका फेरीत प्रॉप कागदोपत्री किती इंच पुढे जाईल ते, डोंगरात खालचा गिअर टाकतो तसंच. टॉप स्पीड जातो, पण सर्फिंगला तो हवाय कुणाला. टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा आणि पाण्याच्या पंपाचा इंपेलर दर सीझनला बदला, जुनी इंजिनं त्याच्यामुळेच सगळ्यात जास्त तापतात.

दोर २० ते २४ फुटांचा, सर्फिंगसाठीचाच, हाताला कधी गुंडाळायचा नाही. वेकबोर्डचा लांब दोर कापून घरगुती जुगाड करू नका.

आता जे ऐकायला कुणालाच आवडत नाही ते. पेट्रोल इंजिनचा धूर सर्फिंगच्या वेगाला बोटीच्या मागेच घोटाळतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ना वास ना रंग. डोकं दुखलं, मळमळलं की लोक म्हणतात ऊन लागलं. ऊन नसतं ते. प्लॅटफॉर्मवर कुणी बसायचं नाही, त्याला धरून लोंबकळायचं तर अजिबात नाही, कॅलिफोर्नियाने तर २००५ पासून त्यावर कायद्याने बंदी आणली. एक्झॉस्ट खाली पाण्यात नेणारी एफएई नावाची नळी मिळते, बऱ्याच जुन्या बोटींना बसते, लहान मुलं सर्फ करणार असतील तर मी स्टीरिओच्या आधी ती घेईन.

दुसरं म्हणजे बुडायची भीती, आणि ती खरी आहे. जुन्या बोटीचं पुढचं टोक बुटकं असतं. आमच्यात एकदा सर्फर पडल्यावर ड्रायव्हरने, म्हणजे मीच, झटक्यात थ्रॉटल बंद केला आणि गर्रकन वळलो, पुढे चारशे पाउंडांची पिशवी आणि दोन पोरं, आपलीच लाट पुढून आत आली, घोट्यापर्यंत पाणी, पोह्यांचा डबा तरंगतोय. हळू थांबा, लाटा पुढे जाऊ द्या, मग सावकाश वळा. बोटीवरची, किती वजन चालेल ते सांगणारी पाटी बघा, त्यात माणसं आणि पाणी दोन्ही धरायचं, २० फुटांवरच्या बोटीला पाटी नसेलही, मग मॅन्युअल शोधा. बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप दर वेळी निघण्याआधी तपासा.

आमच्या जॉर्जियात २०२३ पासून सर्फ करताना किनारा, डॉक, बांधलेली बोट यांच्यापासून २०० फूट लांब राहायचं, लाइफ जॅकेट सक्तीचं, आणि सूर्यास्तानंतर बंद. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असतील, बघून घ्या. तसंही लाट खोल पाण्यातच चांगली बनते, पंधरावीस फूट खोली तरी हवी, त्यामुळे मधोमधच जा, लोकांचे डॉक हलवू नका.

परत येताना ट्रेलरवर चढवण्याआधी सगळ्या पिशव्या रिकाम्या करायच्या, दोन हजार पाउंड पाणी ट्रेलरच्या हिशोबात धरलेलं नसतं. पिशवीत थोडं पाणी राहतंच, घरी आल्यावर तोंड उघडं ठेवून वाळवा, नाहीतर पुढच्या शनिवारी लॉकर उघडल्यावर असा वास येतो की सगळे एकमेकांकडे बघतात.