उड्डाणात कॅनोपी उघडली तर: किट विमान बांधणाऱ्यांनी व चालवणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, बांधलेल्या बहुतेक लहान विमानांत वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक कॅनोपी हीच दार असते, हीच खिडकी असते आणि हेच छप्परही असते. ती उड्डाणात अचानक उघडली तर आवाज, वारा आणि धूळ यांचा एवढा कल्लोळ होतो की विमान आता कोसळणारच, असे वाटू लागते. प्रत्यक्षात पुष्कळ विमाने उघड्या कॅनोपीसह उडू शकतात आणि उतरूही शकतात. जीवघेणा ठरतो तो बहुधा एका हाताने कॅनोपी ओढून धरण्याचा खटाटोप, कारण त्या काही सेकंदांत वेग आणि उंची यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

सोलापुरात विमान बांधणाऱ्याने मात्र उड्डाणाच्या आधी उन्हाचा विचार करावा. कॅनोपीला आपण सवयीने काच म्हणत असलो तरी ती सहसा ॲक्रिलिकची असते, आणि ॲक्रिलिक उष्णतेने ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर १ मीटर लांबीचे ॲक्रिलिक जवळपास २.८ मिलिमीटर वाढते, तर तिला धरणारी ॲल्युमिनियमची चौकट जेमतेम ०.९ मिलिमीटर वाढते. जानेवारीची पहाट आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या विमानाची दुपार यांच्यात असा फरक सहज पडतो. म्हणून काचेतील भोके स्क्रूपेक्षा मोठी ठेवावीत आणि स्क्रू हाताला घट्ट लागेल एवढाच आवळावा. पिळून बसवलेला स्क्रू काचेला हलू देत नाही आणि पहिला तडा तिथूनच निघतो.

भोके पाडण्याचे काम घाईने करू नये. धातूसाठीचा साधा ड्रिल बिट काचेतून बाहेर पडताना तिला चावतो, त्यामुळे खास प्लास्टिकसाठी धार बोथट केलेला बिट वापरावा, खाली लाकडाचा आधार द्यावा आणि काच गार असताना ड्रिल लावूच नये. माझी पहिली काच डिसेंबरातल्या एका सकाळी, शेवटून तिसऱ्या भोकाला तडकली. दुपारपर्यंत थांबलो असतो तर नवी काच मागवावी लागली नसती. कडा आणि भोकांचे तोंड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावे, कारण प्रत्येक ओरखडा हा भावी तड्याचा आरंभ असतो. आजकाल पुष्कळजण स्क्रूऐवजी सिकाफ्लेक्ससारख्या लवचिक सीलंटने काच चिकटवतात. ती पद्धत चांगली आहे, परंतु असे सीलंट हवेतील बाष्पावर पक्के होतात, आणि एप्रिलमधील आपली कोरडी हवा लक्षात घेता त्यांना नेहमीपेक्षा अधिक दिवस द्यावेत. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावले जाणारे थ्रेडलॉक द्रव काचेजवळ आणू नयेत. पेट्रोल आणि ॲसिटोन यांच्याप्रमाणेच त्यांनीही ॲक्रिलिकवर जाळीदार चिरा पडतात.

धुळीचेही तसेच. काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे होय. आधी भरपूर पाणी ओतावे, सौम्य साबणाने हाताने धुवावे आणि मगच मऊ सुती कापडाने टिपावे; टॉवेलांच्या गावात त्याची कमतरता नाही. कॅनोपी उन्हात अर्धवट उघडी ठेवू नये. तिचा घुमट भिंगासारखे काम करतो आणि त्यातून एकवटलेल्या उन्हाने आसनाचे कापड जळू शकते, हे ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) उडवणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

आता कडीकडे वळू. घुमटावरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि कॅनोपी वर खेचली जाते. हे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ६० नॉटला (ताशी सुमारे १११ किलोमीटर) जे ओढणे असते ते १२० नॉटला चौपट होते. त्यामुळे जमिनीवर नीट बसलेली वाटणारी अर्धवट कडी विमान वेग घेऊ लागल्यावरच सुटते. व्हॅन्स या अमेरिकी कंपनीच्या आरव्ही-१० विमानांची दारे उड्डाणात निघून गेल्याच्या घटनांनंतर कंपनीने दुसऱ्या सुरक्षा-कडीची जोड दिली. एका कडीवर विसंबू नये, हा त्यातला बोध प्रत्येक किटला लागू आहे. इशाऱ्याचा दिवा बसवायचा असल्यास त्याचा मायक्रोस्विच (दाबताच चालू होणारे छोटे बटण) चौकटीला न लावता कडीच्या खिळीला लावावा, कारण चौकट खाली टेकलेली असूनही खिळी बाहेर राहू शकते.

आपल्याकडे चूक घडण्याचे सर्वांत साधे कारण उकाडा हे आहे. धावपट्टीकडे जाताना हवा यावी म्हणून कॅनोपी किंचित उघडी ठेवली जाते, रेडिओवर बोलणे चालू असते आणि कडी लावायची राहून जाते. त्यावर उपाय एकच: धावपट्टीवर शिरण्यापूर्वी थांबून कॅनोपी बंद करावी, प्रत्येक खिळी डोळ्यांनी पाहावी आणि तळहाताने प्रत्येक कोपरा वर ढकलून पाहावा. ‘खट्’ असा आवाज हा पुरावा नव्हे. चौकटीत पट्ट्याचे टोक किंवा प्रवाशाचे उपरणे अडकले नाही ना, हेही बघावे.

इतके करूनही ती उघडली, आणि विमान अजून जमिनीवर असून पुढे पुरेशी धावपट्टी असेल, तर उड्डाण सोडून द्यावे. विमान हवेत असेल तर आधी नाक आणि वेग सांभाळावा व पंख समतल ठेवावेत. पुढच्या बाजूला बिजागरी असलेली कॅनोपी बहुधा काही बोटे उचलून तिथेच तरंगत राहते. बाजूला बिजागरी असलेली कॅनोपी मात्र वाऱ्याने उलटून उखडू शकते आणि शेपटीवर आदळू शकते, म्हणून तिथे वेग हळूहळू कमी करणे अधिक महत्त्वाचे ठरते. कोणत्याही प्रकारात पट्टा सोडून कडीपर्यंत हात पोहोचवू नये. उघड्या कॅनोपीमागची विस्कटलेली हवा शेपटीच्या आडव्या पंखावर पडून वैमानिकाच्या हातातील नियंत्रण-दांडी थरथरते. त्यासाठी झटके न देता सौम्य वळणे घ्यावीत. सोबत कोणी असल्यास डोळे, चष्मा आणि सुट्या वस्तू सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. रेडिओवर काही ऐकू आले नाही तरी आपला हेतू सांगत राहावे.

उन्हाळ्यात येथे आणखी एक अडचण असते. सोलापूर समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे, पण ४२ अंशांच्या दुपारी विरळ हवेमुळे विमानाला ती उंची सुमारे ५,००० फूट भासते. आधीच मंद झालेला चढ उघड्या कॅनोपीच्या अवरोधाने आणखी मंदावतो. अशा वेळी चढण्याचा हट्ट न धरता मिळेल त्या सुरक्षित उंचीवर रुंद फेरी घ्यावी. उतरण्यापूर्वी उंची असेल तर कमी वेगात दांडी कशी वागते ते चाचपून पाहावे, फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागच्या कडेने खाली वळवायच्या झडपा) पूर्ण उघडणे टाळावे आणि नेहमीपेक्षा ५ ते १० नॉट अधिक वेगाने यावे. अर्थात विमानाच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे. एटीआरसारखे प्रवासी विमान उतरते ती सोलापूरची धावपट्टी लहान विमानाच्या या जादा वेगाला पुरून उरते.

घारीच्या धडकेने काच फुटली तर क्रम हाच राहतो, फक्त मान खाली घेऊन डोळे वाचवावे लागतात. अशा उड्डाणांत साधा गॉगल कामी येतो.

विमान पूर्ण थांबल्यावर इंजिन बंद करूनच कॅनोपीला हात लावावा. पुढच्या उड्डाणाआधी बिजागरीचे बोल्ट काढून त्यांचे वाक तपासावेत, रिव्हेटभोवती तडे पाहावेत आणि शेपटीच्या आडव्या पंखाच्या जोडण्याही हाताने हलवून बघाव्यात, कारण त्या थरथरीचा मार तिथेच बसलेला असतो.