वॉर्निंग वायरिंगची एडी आली की: विमान हँगरमध्ये घेण्यापासून सोडेपर्यंतची तयारी

इंजिनाच्या वॉर्निंग वायरिंगवर एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (विमान सुरक्षेसाठी प्राधिकरणाने काढलेला बंधनकारक आदेश), म्हणजे आपल्या बोलण्यातली एडी, निघाली की लगेच स्टोअर्सला फोन लावायची घाई होते. फोन नंतर लावा. आधी एडी एका बैठकीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि जवळ पेन्सिल ठेवा. अंमलाची तारीख, कोणत्या विमानांना लागू, मुदत किती, आणि काम एकदाच करायचं की ठरावीक तासांनी पुन्हा पुन्हा, या चार ठिकाणी खूण करा. मुदत वाचताना मोजणी कुठून सुरू होते ते बघा. एडी अमलात आल्याच्या तारखेपासूनचे तास वेगळे आणि विमान नवं असल्यापासूनचे वेगळे. जुन्या विमानाच्या बाबतीत या एका शब्दाने सगळं वेळापत्रक उलटंपालटं होतं. तास, सायकल (एक उड्डाण आणि उतरणं) आणि महिने अशा तिन्ही मर्यादा दिल्या असतील तर जी आधी येईल ती धरायची.

एडीत बहुतेक वेळा उत्पादकाच्या सर्व्हिस बुलेटिनचा हवाला असतो. बुलेटिन एरवी शिफारस असते, पण एडीने तिचं बोट धरलं की ती बंधनकारक होते, आणि तीही एडीत छापलेल्या आवृत्तीची. दोन्हींत फरक दिसला तर एडीचं ऐकायचं. एखादी पायरी आपल्या विमानावर जशीच्या तशी बसत नसेल, तर पर्यायी पद्धतीची लेखी मंजुरी प्राधिकरणाकडून आधी घ्या. काम करून मग परवानगी मागायची सवय इथे चालत नाही.

मग रेकॉर्ड्स. एडी विमानाच्या सिरियल नंबरवर आहे की पार्ट नंबरवर, हे पाहा. पार्ट नंबरवर असेल तर फक्त उडणाऱ्या विमानांची यादी तपासून भागत नाही. हार्नेस (वायरींचा तयार संच), फायर लूप (आग ओळखणारी तार; एका इंजिनावर ए आणि बी अशा दोन असू शकतात), कंट्रोल युनिट हे सगळं एका विमानावरून उतरून दुसऱ्यावर चढतं. स्टँडवर उभं असलेलं स्पेअर इंजिन आणि स्टोअर्सच्या रॅकवरचे डबेही तपासा. पुष्कळदा एडीत शेवटी एक छोटा परिच्छेद असतो: अमुक तारखेनंतर जुना पार्ट कोणत्याही विमानावर बसवू नये. तो वाचून जुना साठा त्याच दिवशी वेगळा काढा आणि लाल टॅग लावा.

आता सामान. वायरचा गेज जुळला म्हणजे वायर जुळली असं नाही. इंजिनाच्या फायर झोनमधली वायर किमान आग-रोधक असावी लागते, म्हणजे सुमारे १०९३ अंश सेल्सियसच्या ज्वाळेत तिने किमान ५ मिनिटं काम करत राहिलं पाहिजे. 'सध्यापुरती' म्हणून केबिनमधली वायर तिथे ओढायचा विचारही नको. स्लीव्ह, क्लॅम्पची गादी, बांधायची दोरी, कनेक्टरचे पिन, सगळं मॅन्युअलमधल्या पार्ट नंबरानेच मागवा. शेल्फ लाइफ असलेल्या वस्तूंची तारीख सामान हातात आल्यावर नाही, मागवतानाच विचारा.

थर्मोकपलच्या वायरींना तर वेगळीच काळजी लागते. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारी जोडी क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल या दोन मिश्रधातूंची असते, आणि तिच्यातला दोन-चार इंचांचा तुकडा तांब्याच्या वायरने जोडला तरी तापमानाचा आकडा चुकू शकतो. रंग उडालेले असतील तर खिशातला छोटा चुंबक कामी येतो. अ‍ॅल्युमेल चुंबकाला हलकेच चिकटतं, क्रोमेल चिकटत नाही. जोडणीच्या जागी बहुधा दोन वेगवेगळ्या मापांचे स्टड असतात, मोठा अ‍ॅल्युमेलचा, छोटा क्रोमेलचा. टर्मिनल बसत नाही म्हणून कुणी भोक मोठं करताना दिसला तर त्याचा हात तिथेच धरा.

हत्यारांमध्ये क्रिम्पिंग टूलचं (वायरीवर पिन दाबून बसवायच्या हत्याराचं) कॅलिब्रेशन स्टिकर वाचा, आणि डाय, म्हणजे त्यातला साचा, त्या पिनसाठीचीच आहे का ते बघा. पिन आत घालायचं आणि काढायचं टूल, पिन धरून बसली आहे का ते बघायचा टेस्टर, आरसा, चांगला टॉर्च आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) आधीच ट्रॉलीवर हवेत. मेगर लावण्याआधी त्या वायरीच्या दोन्ही टोकांची युनिट्स सुटी केली आहेत हे स्वतः बघा. इन्सुलेशन तपासायला सोडलेलं उच्च व्होल्टेज कंट्रोल युनिटमध्ये शिरलं तर एक दोष काढताना दुसरा घालून बसाल.

विमान आत आल्यावर पहिलं काम वीज तोडण्याचं. सर्किट ब्रेकर खेचा, क्लिप लावा, टॅग लावा, आणि किती टॅग लावले तो आकडा टास्क कार्डावर लिहा. काम आग विझवायच्या बाटल्यांजवळ असेल तर आणखी सावध राहा. बाटलीच्या तोंडाशी स्क्विब म्हणजे छोटं स्फोटक काडतूस असतं. त्याचा कनेक्टर मॅन्युअलमधल्या क्रमानेच काढायचा, शॉर्टिंग कॅप लावायची, आणि त्या सर्किटला साधा मल्टिमीटर कधीही लावायचा नाही. त्यासाठी मंजूर केलेला, अगदी कमी करंटचा टेस्टरच वापरायचा.

यापुढे जे लिहितो आहे त्यासाठीच खरं तर ही यादी लिहायला घेतली. वॉर्निंगच्या वायरीचा सर्वांत वाईट दोष तुटण्याचा नाही. वायर तुटली की बहुतेक विमानांत फॉल्टचा दिवा लागतो. आगीच्या वॉर्निंगचं सर्किट तुटलं तर त्याची खबर मिळावी, नाहीतर तुटूनही ते नीट काम करत राहावं, अशी रचनाच नियमाने मागितलेली आहे. सर्वांत वाईट दोष म्हणजे डाव्या इंजिनाची वायर उजव्या दिव्याला जाणं. वायर धडधाकट, इन्सुलेशन उत्तम, दिवा लखलखीत, आणि बातमी चुकीची.

८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग ७३७-४०० पडलं. डाव्या इंजिनाचं फॅन ब्लेड तुटलं होतं आणि वैमानिकांनी उजवं, चांगलं इंजिन बंद केलं. १२६ पैकी ४७ माणसं गेली. इंजिनांच्या इशाऱ्याच्या वायरी अदलाबदल झाल्या असाव्यात असा संशय सुरुवातीला आला, म्हणून त्या जातीच्या इतर विमानांची वायरिंगही तपासायला लावली गेली. अपघातग्रस्त विमानाच्या वायरी शेवटी बरोबर निघाल्या. कारणं दुसरी होती. पण तो संशय तपासणाऱ्यांना इतका खरा वाटला, यातच आपल्या कामाचं वजन कळतं. कॉकपिटमधल्या माणसाला इंजिन दिसत नाही. दिवा जे सांगेल ते त्याला खरं मानावं लागतं, तेही काही सेकंदांत.

म्हणून एकही कनेक्टर सोडण्याआधी ओळख पक्की करा. डावं इंजिन म्हणजे कॉकपिटमध्ये पुढे तोंड करून बसलेल्या माणसाचं डावं. नाकासमोर उभं राहून बोट दाखवलं की बाजू उलटते. प्रत्येक कनेक्टरवर सुटा करण्याआधी टॅग लावा, सुटा केल्यावर नाही. टॅगवर इंजिन नंबर, लूप ए की बी, आणि कनेक्टरचा नंबर हवा. फोटो काढताना नंबर दिसेल असा काढा. दोन्ही इंजिनांचे फोटो दिसायला जुळे असतात आणि रात्री तीन वाजता कुठला कुठला ते कुणालाही सांगता येत नाही. दोन शेजारच्या कनेक्टरांचं माप सारखं असेल तर तसं टास्क कार्डावर ठळक लिहा. चूक होणार ती तिथेच.

पाहणी करताना सावकाश. वायरिंगला विमानाची स्वतंत्र यंत्रणा मानायला आपण उशिरा शिकलो. १९९६ च्या टीडब्ल्यूए ८०० आणि १९९८ च्या स्विसएअर १११ या दोन अपघातांनंतर वायरिंगकडे बघायची नजर बदलली, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या एफएएने त्यासाठी वेगळे नियम आणले. क्लॅम्पमधून जाणारा लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, नुसता वरून बघून पुढे जाऊ नका. मी एकदा एका क्लॅम्पसमोर तीन वेळा टॉर्च मारला होता, काही दिसलं नव्हतं. चौथ्यांदा आरसा मागून घातला तेव्हा गादी एका कडेने सरकलेली दिसली आणि क्लॅम्पच्या उघड्या धातूवर टेकलेल्या वायरीत टाचणीच्या डोक्याएवढं तांबं चमकलं. समोरून ती वायर नवी कोरी होती. इंजिन चालू असताना तेवढा ठिपका कंपनाने क्लॅम्पला टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो. म्हणून असा दोष हवेत दिसतो आणि जमिनीवर सापडत नाही. रिपोर्टमध्ये 'जमिनीवर तपासलं, ठीक आढळलं' अशा दोन नोंदी एकाच वॉर्निंगवर दिसल्या, तर आरसा घेऊन क्लॅम्पपासूनच सुरुवात करा.

लूमला दोन क्लॅम्पांच्या मध्ये हाताने हलकं दाबलं तर साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोल नको. वळण वायरीच्या जाडीच्या दहापटीपेक्षा आवळून घेतलेलं नको. इंधनाच्या नळीशेजारून वायर जात असेल तर ती नळीच्या वरून किंवा समपातळीवरून जावी, खालून नाही. कनेक्टरजवळ पाणी ठिबकून जाईल असा खाली झुकलेला लूप ठेवा. हे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या विमानाच्या वायरिंग मॅन्युअलमध्ये वेगळी संख्या असेल तर तीच चालवा. जवळपास ड्रिलिंग होणार असेल तर आधी लूम झाका. धातूचा कीस एकदा लूममध्ये गेला की तो कंपनाबरोबर आत आत जातो.

टेस्टसाठी वेळ राखून ठेवा, आणि ही वेळ प्लॅनिंगने कापू नये यासाठी आधीच भांडा. कॉकपिटमधलं टेस्ट बटण दाबलं, सगळे दिवे लागले, घंटी वाजली, म्हणून काम झालं असं समजू नका. टेस्ट बटण लूप अखंड आहे आणि दिवा जिवंत आहे एवढंच सांगतं. दोन्ही इंजिनांचे दिवे एकदमच लागत असतील, तर वायरी अदलाबदल झाल्या तरी ते तसेच लागतील. मॅन्युअल परवानगी देतं त्या पद्धतीने इंजिनाच्या टोकापासून तपासा. डाव्या इंजिनाच्या लूप ए चा कनेक्टर सुटा केला की कॉकपिटमध्ये फक्त डाव्याच्या लूप ए चा दोष दिसला पाहिजे, दुसरं काहीही नाही. मग लूप बी. मग दुसरं इंजिन. एक माणूस इंजिनाशी, एक कॉकपिटमध्ये, आणि दोघांनी हेडसेटवर नुसतं 'ओके' न म्हणता 'डावं, लूप ए, दोष दिसतोय' असं पूर्ण वाक्य बोलायचं.

मार्च २००१ मध्ये फ्रँकफर्टला एका ए३२० च्या कॅप्टनची साइडस्टिक (विमान वळवायची दांडी) उड्डाणानंतर उलटी चालली. कनेक्टर दुरुस्त करताना वायरींच्या दोन जोड्यांची अदलाबदल झाली होती. विमानाच्या पंखाचं टोक जमिनीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर आलं असताना सहवैमानिकाने ताबा घेतला. दुरुस्तीनंतरची टेस्ट झाली होती, पण सहवैमानिकाच्या बाजूच्या स्टिकने. ज्या वायरीला हात लागला तिचीच टेस्ट करायची, शेजारच्या सोयीच्या वायरीची नाही.

माणसांची वाटणीही आधी कागदावर ठरवा. शक्य असेल तिथे दोन इंजिनांवर एकाच शिफ्टमध्ये एकाच माणसाने तेच काम करू नये. ५ मे १९८३ ला मियामीहून निघालेल्या एका एल-१०११ च्या तिन्ही इंजिनांमध्ये चिप डिटेक्टरच्या (तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या भागाच्या) ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या कड्या, बसवायच्या राहिल्या होत्या. तिन्ही इंजिनांचं तेल गळालं. तेलाचा दाब तिन्हीकडे घसरलेला बघून कॉकपिटमध्ये आधी इंडिकेशनच बिघडलं असेल असं वाटलं. विमान कसंबसं परत उतरलं आणि सगळे वाचले. स्वतंत्र तपासणी करणारा माणूस कामाला हात न लावलेला हवा, आणि त्याच्या हातात टॉर्चबरोबर वायरिंग डायग्रामही द्या. काम करणाऱ्याने तोंडी सांगितलेलं ऐकून सही करायची नाही.

शिफ्ट बदलताना अर्धवट राहिलेलं काम लेखी द्या: कोणता कनेक्टर हाताने घट्ट केला आहे, कुठे टॉर्क (ठरलेल्या जोराने घट्ट करणं) बाकी आहे, कुठे लॉकवायर (सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) बाकी आहे. काऊल (इंजिनावरचं झाकण) बंद करणं हे वेगळं काम म्हणून लिहा, त्याला स्वतंत्र सही ठेवा. मे २०१३ मध्ये हीथ्रोवरून उडालेल्या एका ए३१९ च्या दोन्ही इंजिनांचे फॅन काऊल टेक-ऑफलाच उखडले, कारण रात्री काऊलचे लॅच (कड्या) लावायचे राहिले होते, आणि काम पूर्ण करायला परतलेले तंत्रज्ञ चुकून दुसऱ्याच विमानापाशी गेले होते. म्हणून परत येताना आधी शेपटीवरचं रजिस्ट्रेशन वाचा, टास्क कार्डाशी ताडा, मग शिडी लावा. लॅच तपासायला खाली वाका, गुडघे टेकले तरी चालतील. उभ्याने ते दिसत नाहीत.

शेवटी रेकॉर्ड. एडीचा नंबर, आवृत्ती, कोणत्या पद्धतीने पूर्ण केली, तारीख, विमानाचे तास आणि सायकल, बसवलेल्या पार्टचा नंबर, आणि पुन्हा करायची असेल तर पुढची देय वेळ. 'एडी पूर्ण' एवढंच लिहिलेली नोंद पुढच्या माणसाच्या काही उपयोगाची नाही. उतरवलेल्या हार्नेसवर टॅग लावून तो वेगळ्या रॅकवर द्या. मग टास्क कार्डावर लिहिलेला टॅगांचा आकडा काढा आणि ब्रेकर पॅनेलसमोर एकेक टॅग सोडवत मोठ्याने मोजा. चौदा लावले असतील तर चौदा हातात आले पाहिजेत. तेरा आले तर विमान सोडायचं नाही, चौदावा सापडेपर्यंत.