नाशिकच्या गच्चीवर ध्वनीचा वेग कसा मोजावा

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथक पावणेदोनशे मीटरवरून पाहिले, तर टिपरू पडलेले आधी दिसते आणि ठोका सुमारे अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. हा उशीर स्टॉपवॉचने मोजू गेल्यास बहुतेक वेळा आपल्या बोटाची दिरंगाईच मोजली जाते. म्हणून येथे वेळेऐवजी लांबी मोजण्याची पद्धत देत आहे; तिला पट्टी पुरते.

त्याआधी तरंग म्हणजे काय, हे स्पष्ट असावे. गंगापूर धरणाच्या शांत पाण्यात खडा टाकला, तर वलये काठापर्यंत येतात. पण पाण्यावरची काडी जवळपास जागच्या जागीच वरखाली होते, कारण पुढे जाते ती ऊर्जा, पाणी नव्हे. हवेतही असेच घडते, फक्त कंप वरखाली न होता तरंगाच्या दिशेनेच पुढेमागे होतात. ढोलाचे पान बाहेर आले की समोरची हवा दाटते, आत गेले की ती विरळ होते. लगतच्या दोन दाट जागांमधील अंतर ही तरंगलांबी, सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या ही वारंवारिता, आणि दोहोंचा गुणाकार हा वेग.

साहित्य साधे आहे: सुमारे ४ सेंटिमीटर आतील व्यासाचा, ३५ सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप, निदान ३० सेंटिमीटर पाणी मावेल अशी बादली, पट्टी, पेन्सिल, तापमापी आणि टोन जनरेटर ॲप असलेला मोबाइल. बादली तासभर आधी गच्चीवर सावलीत भरून ठेवावी, म्हणजे पाणी आणि हवा यांचे तापमान जवळ येते. खोलीत प्रयोग करू नये. भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे डोके जरासे हलले तरी आवाज कमीजास्त भासतो आणि पाइपमुळे झालेला बदल कोणता, ते कळेनासे होते.

ॲपवर १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांचा, स्वर मंद आवाजात लावावा. पाइप पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडवावा, सोबतच्या व्यक्तीने मोबाइल पाइपच्या तोंडावर बोटभर अंतरावर धरावा आणि पाइपसोबतच वर न्यावा. पाइप अगदी सावकाश उचलत गेल्यास एका जागी स्वर एकाएकी भरून येतो, जणू पाइपच बोलू लागतो, आणि काही मिलिमीटर पुढे गेले की पुन्हा बसतो. हा अनुनाद. तेथे पाण्याच्या पातळीशी पाइपवर पेन्सिलने खूण करावी. तसेच वर उचलत राहिल्यास दुसरी जागा सापडते. प्रत्येक जागा वर जाताना आणि खाली येताना मिळून पाच वेळा शोधून सरासरी घ्यावी.

बहुतेक विद्यार्थी अडतात ते पुढे. हवेचा स्तंभ पाव तरंगलांबीइतका असताना पहिला अनुनाद होतो, हे पाठ असल्याने ते पहिल्या लांबीला, म्हणजे पाइपच्या तोंडापासून पहिल्या खुणेपर्यंतच्या अंतराला, चाराने गुणतात. समजा ती ७.५ सेंटिमीटर आली, तर वेग सेकंदाला ३०० मीटर निघतो आणि प्रयोग फसला असे वाटते. प्रयोग फसलेला नसतो. हवेचे कंप पाइपच्या तोंडाशी न थांबता व्यासाच्या सुमारे ०.३ पट बाहेरपर्यंत पोचतात, म्हणजे येथे १.२ सेंटिमीटर. ही वाढ दोन्ही जागांत सारखीच असल्याने वजाबाकीत ती निघून जाते. दुसरी लांबी २५ सेंटिमीटर असेल, तर फरक १७.५ सेंटिमीटर. ही अर्धी तरंगलांबी. तिची दुप्पट ०.३५ मीटर, गुणिले १०००, म्हणजे सेकंदाला ३५० मीटर.

हे उत्तर तपासण्यासाठी हवेच्या सेल्सिअस तापमानाला ०.६ ने गुणून त्यात ३३१ मिळवावेत. ३० अंशांना ३४९ येतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, तरी त्यासाठी वेगळी दुरुस्ती लागत नाही, कारण उंचीवर हवेचा दाब आणि घनता एकाच प्रमाणात कमी होतात आणि वेग ठरतो तो तापमानावर.

म्हणून पाइपवरच्या खुणांशेजारी तापमान अवश्य लिहावे आणि पाइप जपून ठेवावा. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना दोन खुणांमधील अंतर सुमारे १७.७ सेंटिमीटर येते. जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांवर असताना त्याच गच्चीवर ते सुमारे १६.९ भरते. ८ मिलिमीटरचा हा फरक साध्या पट्टीवरही दिसतो.