जुन्या बसच्या कॅरव्हॅनला एअर सस्पेन्शन बसवताय? या चुका टाळा

जुनी बस घेऊन तिची कॅरव्हॅन केली की दोन-तीन फेऱ्यांत कळतं: आत कितीही सागवान लावलं तरी खाली ट्रकच आहे. खड्डा आला की कपाटातल्या बरण्या आपटतात, गॅसच्या शेगडीची जाळी उडते, मागच्या पलंगावरचा माणूस छताकडे झेपावतो. मग कोणीतरी सांगतं, ‘बलून टाकून घ्या, व्होल्वोसारखी चालेल.’ बलून म्हणजे गाडीचा भार पेलणारी, हवा भरलेली रबरी उशी.

चालेलही. पण व्होल्वोची बी७आर २००१ मध्ये आपल्याकडे आली ती मुळातच हवेवर बेतलेली. अमेरिकेत जुन्या ग्रेहाउंड बसची घरं करणाऱ्यांचंही काम सोपं असतं, कारण त्यातल्या बऱ्याच बस बनवणाऱ्या जीएमसीने १९५३ च्या मॉडेलपासूनच बलून दिले होते. आपल्या जुन्या टाटा-लेलँडच्या चेसिसवर पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत आणि घोळ तिथेच सुरू होतो.

पहिली चूक गॅरेजात जाण्याआधीच होते. गाडी कडक का, हे कोणी बघत नाही. पन्नास उतारूंची बस म्हणजे सामान सोडून तीन-साडेतीन टन माणसं. तेवढ्या वजनाला बेतलेल्या पाट्यांवर तुम्ही पलंग, दोन टाक्या आणि चार माणसं ठेवता, मग पाटे वाकणार कसे? वर टायरमध्ये हवा पूर्वीइतकीच, शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चेसिसला झुलतं धरणाऱ्या कडीचे) बुश गंजून जाम, पाट्यांमध्ये ग्रीसचा पत्ता नाही, शॉकअप (उसळी जिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर) मेलेले. आधी गाडी वजनकाट्यावर न्या, पुढच्या-मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं घ्या आणि टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा ठेवा. बुश आणि शॉकअप बदला. माझ्या ओळखीच्या दोघांचं काम एवढ्यावरच भागलं, बलूनचे पैसे वाचले.

वजन घेताना पाण्याची टाकी भरलेली हवी. एक लिटर म्हणजे एक किलो. तीनशे लिटरची टाकी डाव्या बाजूला आणि तिच्याच मागे बॅटऱ्या असतील, तर शक्य तिथे एका-एका बाजूचंही वजन करा. ‘अंदाजे बारा टन धरा’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून बलून घेऊ नका.

हिशोब अवघड नाही. मागच्या ॲक्सलवर काट्याने ७,००० किलो दाखवले. त्यातून हाउसिंग (ॲक्सलचं कवच), चाकं, ब्रेक ड्रम यांचं वजन वजा करा, कारण ते बलूनच्या खाली असतं. समजा ६,००० उरले. चार बलून थेट ॲक्सलवर बसवले तर प्रत्येकी १,५००. बलूनचं परिणामी क्षेत्रफळ (जेवढ्यावर हवेचा दाब भार पेलतो ते) ३५० चौरस सेंटिमीटर असेल, तर साधारण ४.२ बार हवा लागेल. हे ठीक. हिशोब सात बारवर गेला तर बलून लहान पडतोय, कारण बसच्या टाकीतच सात-आठ बार असतात. हिशोब एक बारच्या खाली गेला तर बलून मोठा आहे, आणि ढिल्या बलूनचं रबर घडीत चिमटून फाटतं.

पाटे काढलेत, मग त्यांची कामं कोण करणार?

खरी मेख इथे आहे. पाटा नुसता भार उचलत नाही. मेन पाट्याचा पुढचा डोळा चेसिसच्या हँगरमध्ये पिनने धरलेला असतो, म्हणून हाउसिंग पुढे-मागे सरकत नाही. वळणावर ते बाजूलाही जात नाही. ब्रेक मारल्यावर हाउसिंग स्वतःभोवती फिरायला बघतं, त्यालाही पाटाच अडवतो. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात गाडीची उसळी मुरते. बलून यातलं फक्त पहिलं काम करतो: भार उचलतो. बाजूने ढकललात तर तो नुसता वाकतो.

म्हणून पाटे पूर्ण काढायचे तर पुढे-मागे धरायला रेडियस रॉड, बाजूला धरायला पॅनहार्ड रॉड किंवा व्ही-रॉड, झुकाव आवरायला अँटी-रोल बार आणि जास्त ताकदीचे शॉकअप हे सगळं लागतं. त्या रॉडचे ब्रॅकेट चेसिसवर कुठे बसवायचे हे वेल्डरने डोळ्यांनी ठरवायचं काम नाही. ‘रॉड नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडून गाडी तशीच परत आणा.

मधला मार्ग म्हणून काही जण दोनच पाटे ठेवतात आणि बाकीचा भार बलूनवर टाकतात. हे दिसतं शहाणपणाचं, पण जोरात ब्रेक लागला की ते पातळ पाटे इंग्रजी ‘एस’सारखे मुरडतात आणि हाउसिंगचं नाक वर-खाली होतं. माझं मत विचाराल तर हौशी माणसाने पाट्यांचा पूर्ण संच ठेवावा आणि मदतनीस बलून बसवावेत. त्याने पाटे मऊ होत नाहीत, हे आधीच समजून घ्या. एका बाजूला बसलेली किंवा मागून दबलेली गाडी मात्र सरळ उभी राहते. व्होल्वोचा मऊपणा हवा असेल, तर मूळचं एअर सस्पेन्शन असलेली जुनी बस घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

ब्रेकची हवा

ज्या चुकीने जीव जातो, ती ही. ब्रेकच्या टाकीलाच टी मारून बलूनची लाइन काढतात. कशेडी घाट उतरताना बलून फुटला, की त्याच्यासोबत ब्रेकची हवाही जाते. बलूनला वेगळी टाकी, तिच्याआधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी जाऊ न देणारा) आणि प्रोटेक्शन व्हॉल्व्ह हवाच. ब्रेकच्या टाक्या ठरलेल्या दाबाला भरल्याशिवाय प्रोटेक्शन व्हॉल्व्ह पुढे हवा सोडत नाही, आणि दाब उतरला की आधी बलूनची लाइन बंद करतो.

तपासणी सोपी आहे. सपाट जागी चाकांना दगड लावा, चेसिस ठोकळ्यांवर घ्या, टाक्या भरून इंजिन बंद करा आणि बलूनच्या टाकीचा ड्रेन उघडा. ब्रेकचं गेज थोडं उतरून थांबलं पाहिजे. शून्याकडे निघालं, तर गाडी गॅरेजबाहेर काढू नका.

व्हॉल्व्ह, उंची, जागा

लेव्हलिंग व्हॉल्व्ह (हवा भरून-सोडून गाडीची उंची राखणारे) तीन लावा, चार नाही: मागे दोन, पुढे मध्यभागी एक. खुर्चीचे चार पाय ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतात, तिपाई डुगडुगत नाही. चार व्हॉल्व्ह एकमेकांशी भांडत राहतात, एक भरतो तर दुसरा सोडतो, आणि चेसिस पिळतं. मागचे डावे-उजवे बलून एकाच मोठ्या पाइपने जोडले तर वळणावर बाहेरच्या बाजूची हवा आतल्या बाजूला पळते आणि गाडी आणखी झुकते.

गाडी उंच दिसावी म्हणून जास्त उचलू नका. उंची बदलली की प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, गाडी वेग घेताना थरथर येते आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात. फुगलेल्या बलूनभोवती सगळीकडून निदान २५ मि.मी. मोकळी जागा हवी, आणि सायलेन्सरचा पाइप जवळ असेल तर मध्ये पत्रा. बलून जास्त ताणून सुटू नये म्हणून पट्टा किंवा योग्य लांबीचा शॉकअप ठेवा. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, ब्रॅकेट उभ्या बाजूला बोल्टने बसवा.

बिघाड कुठे आहे?

सकाळी एक कोपरा बसलेला दिसला तर लगेच बलून बदलू नका. रात्री बलूनच्या टाकीचा कॉक बंद करा. सकाळी टाकीचं गेज जागेवर पण कोपरा खाली, तर गळती कॉकच्या पुढे आहे. गेज उतरलं पण गाडी सरळ, तर मागे. मग साबणाचं पाणी घेऊन जोड, बलूनच्या घड्या आणि व्हॉल्व्हचं एक्झॉस्ट तपासा. बहुतेक वेळा हॅक्सॉने तिरपा कापलेला नायलॉन पाइपच सापडतो.

टाकीतून पाणी येत असेल तर हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं काडतूस बदला. काळं तेल येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या. सरळ रस्त्यावर गाडी शेपूट हलवत असेल तर पॅनहार्डचे बुश बघा.

आणि काहीही बघायचं असलं तरी चेसिसखाली ठोकळे लावल्याशिवाय खाली झोपू नका. बलूनची हवा गेली की बस सेकंदात खाली येते.

कागदपत्रांचंही ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पाटे काढण्याआधी आरटीओत लेखी विचारा, नंतर नाही.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आणि टाकी भरून परत वजनकाट्यावर जा.