जपानचा व्हिसा अडला होता शाळेच्या एका पत्रावर

जपानात इंग्रजी शिकवायची नोकरी पक्की झाली, पण सीओई काही येईना. हे पात्रता प्रमाणपत्र हाती आल्यावरच शक्यतो व्हिसाचा अर्ज करतात. या प्रमाणपत्रासाठी सहसा नोकरी देणारी तिथली संस्थाच इमिग्रेशनकडे अर्ज करते आणि १ ते ३ महिने लागतात. इकडे नागपुरात जीव नुसता टांगणीला!

मग तिकडून विचारणा आली: बारा वर्षं इंग्रजीतून शिकल्याचा पुरावा द्या. नुसती पदवी पुरेना. पहिली ते दहावी शाळा, पुढची दोन वर्षं ज्युनिअर कॉलेज, म्हणून दोन्हीकडून माध्यमाची पत्रं घ्यायचं ठरवलं. धरमपेठेतल्या शाळेत बाबूंनी जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, कडा पार झिजलेल्या, आणि बोट फिरवत माझं नाव शोधलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. पत्रात कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि 'भाषा विषय सोडून सर्व विषय इंग्रजीतून' हे स्पष्ट लिहून घ्या, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. मोघम बोनाफाईड घेऊ नका.

स्कॅन पाठवले, सीओई ईमेलवर आलं. ते साधारण ३ महिनेच चालतं, म्हणून व्हिसासाठी लगेच मुंबई गाठली.